वच्छलाबाईकडे ठेवलेला फोन

मु. वाघझरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ
५ फेब्रुवारी २०१८

प्रिय नलू,
सप्रेम जय भीम.

परवा उर्वशीच्या फोनवरून तू बोललीस कमी आणि ठणकावलंस जास्त. "फोनवर तुमच्याशी बोलत नाई मी आता. तुम्ही हो हो म्हणता अन् डोळे भलतीकडेच असतात. सांगायचं असन तं कागदावर लिहून धाडा. पत्र लिहिताना माणसाले दुसरं काही पाहता येत नाई." एवढं बोलून ठेवून दिलास.

म्हणून काल पांढरकवड्याला गेलो तेव्हा पोस्टातून पाकिटं आणली. खिडकीतला माणूस म्हणाला, "कोर्टाचं काम आहे काय?" मी म्हटलं, "तसंच समजा." मोरीजवळच्या उजेडात बसून लिहितो आहे. पत्र म्हटलं की हात आपोआप शाळेतली भाषा लिहायला लागतो, त्याला हसू नको.

उर्वशीच्या बाळंतपणाला तू औरंगाबादला गेलीस तेव्हा सव्वा महिना म्हणाली होतीस. सव्वा महिना केव्हाच झाला. आता म्हणतेस, "तुम्ही रात्रीचे माणसासारखे झोपाले लागले की येतो." इकडे नळावर वच्छलाबाई रोज विचारते, "नलू कधी येते?" मी सांगतो, नात लहान आहे. ती म्हणते, "आता तं हसाले लागली असन नात. तुह्यावरच हसत असन."

तर फोनचं म्हणशील, ते सुटलं. जेवण झालं की बंद करून ठेवतो आणि अंथरुणावर पडलो की गाढ. पहाटे मोटर वेळेवर चालू, टाकी वेळेवर भरते, नळाला पाणी वेळेवर. ग्रामपंचायतीत कुणाची तक्रार नाही. तब्येत एकदम छान.

आपला संघर्षही ठीक आहे. मोटर रिवायंडिंगच्या दुकानात त्याचं बस्तान बसलं. डोळ्यांचा आता काही त्रास नाही, तांब्याची बारीक तार बिनचष्म्याची गुंडाळतो. जेवताना भाकरी मोजत नाही.

जपानमध्ये म्हणे असा नळ निघाला आहे की हात नेला की पाणी येतं आणि हात काढला की बंद. तसा आपल्या गावात बसवला तर माझं कामच उरणार नाही. काल रात्रीच पाहिलं. म्हणजे परवा दुपारी.

बाळाला पापा. जावयांना जय भीम.

तुझा,
बळीराम

१६ फेब्रुवारी २०१८

प्रिय नलू,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. एवढं मोठं पाकीट, आत एवढा मोठा कागद, आणि त्यावर तीन शब्द. "वाचलं. खोटं आहे." खाली सहीसुद्धा नाही.

मला कळेना, चारशे किलोमीटरवरून हिला कसं कळलं. संघर्षला विचारलं तर तो जेवता जेवता हसायला लागला. "बाबा, उर्वशीच्या फोनमंधी तुमचा लास्ट सीन दिसते ना. तुम्ही रात्री पावणेदोनले जागे होते हे तिथं लिहून येते." मी म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? त्याने ते बंद करून दिलं. आता तू म्हणशील, दिसत नाही म्हणजे अजून वाईट चालू आहे. म्हण. खरं आहे.

आता कागदावर लिहितोच आहे तर सगळं लिहितो.

पडल्यावर मी म्हणतो, एकच पाहू. आधी गावाचा ग्रुप उघडतो. त्यात बोंडअळीची नुकसानभरपाई आज आली, उद्या येणार, येणारच नाही, असं सगळं एकाच दिवशी असतं. मग कुणीतरी वाघ टाकतो आणि लिहितो, आपल्याच शिवारातला, आत्ताचा. तो वाघ मी तीन वेगवेगळ्या गावांच्या नावाने पाहिला आहे. तरी पाहतो. मग कव्वालीचा मुकाबला. मग कुठल्यातरी देशातला एक म्हातारा आहे, तो गंजलेली कुलपं घासतो. त्याची भाषा मला कळत नाही. पण घासून घासून शेवटी किल्ली फिरते आणि कुलूप उघडतं, तेव्हा लई बरं वाटतं. एक उघडलं की तो दुसरं घेतो. त्याच्याजवळ कुलपं किती आहेत देव जाणे, म्हणजे देव आपण मानत नाही, पण कुणीतरी जाणत असेल.

तू गेल्यावर मी एकदा उपायही केला. फोन कोठीत ज्वारीच्या आत खोल पुरून ठेवला. झोपलो. थोड्या वेळाने वाटलं, चार्जिंग संपलं असेल तर? म्हणून खांद्यापर्यंत हात घालून काढला. सकाळी अंथरुणात ज्वारी पाहून संघर्ष म्हणतो, "बाबा, रात्री पाखरं आलती काय?"

एकटा मीच नाही नलू. कापूस अळीनं खाल्ला, लोकांनी पऱ्हाटी लवकर उपटून बांधावर ढीग लावले, जिनिंगचे कारखानेही लवकर थंडावले. हाताला काम नाही. पारावर सगळे बसलेले असतात पण माना खाली. कुणाला ठसका लागला तरी कुणी वर पाहत नाही. रात्री टाकीवर चढून पाहिलं तर घराघरात निळा उजेड दिसतो. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण एकट्यालाच नावं ठेवू नको.

रात्री टाकीवर कशाला चढलो होतो ते पुढच्या पत्रात.

बळीराम

४ मार्च २०१८

प्रिय नलू,
जय भीम.

इकडे सर्व खुशाल. विशेष काही नाही.

ऊन तापायला लागलं. बायांनी वाळवणं काढली आहेत. वच्छलाबाईची मिरची यंदा लालबुंद आहे, जरा ओली आहे एवढंच. बेबीताई सरपंच परवा घरी येऊन गेल्या. चहा ठेवला होता, घेतला नाही.

इथपर्यंत लिहून मी पेन ठेवलं होतं. पण संघर्ष म्हणतो, "तुम्ही नाई सांगितलं तं मी सांगतो आईले." त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐक.

टाकीवर मी रेंजसाठी चढतो. घरात अर्धवट रेंज असते. आता समजलं?

तर परवा पहाटे मी मोटर चालू केली. टाकी भरेपर्यंत मोटरघरातच बसायचं असतं, ते तुला माहीत आहे. बसलो. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, म्हणून जागं राहायला फोनवर त्या म्हाताऱ्याचं कुलूप लावलं. कुलूप उघडायच्या आधी माझे डोळे मिटले. टाकी भरली, मग वाहिली. पाणी गल्लीतून उतरलं ते थेट वच्छलाबाईच्या अंगणात. तिने आदल्या संध्याकाळी पूर्ण घराची, दोन्ही सुनांची आणि माहेरची अशी सगळी मिरची लुगड्यांवर पसरून ठेवली होती. लुगडी राहिली जागच्या जागी. मिरची निघाली गावाला. पारापाशी मिरची, शाळेपाशी मिरची, बुद्धविहाराच्या पायरीपाशी मिरचीचा बांध. सगळं गाव शिंकत होतं. बाया पदर खोचून घमेल्यांनी मिरची गोळा करत होत्या आणि मी मोटरघरात घोरत होतो. माझ्या छातीवर तो म्हातारा अजून कुलूप घासत होता.

वच्छलाबाईनं मला उठवलं ते हाताने नाही. ओल्या मिरचीचं घमेलं कानाशी आपटलं.

"काहून रे बळीराम," ती म्हणाली, "उन्हाळ्याच्या तोंडाशी गावाचं पाणी मिरचीले पाजून राह्यला?"

काही लोक हसले. मलाही हसू येणार होतं, पण तिच्याकडे पाहिलं तर ती हसत नव्हती. विहिरीचं पाणी खाली गेलं आहे नलू. पुढच्या महिन्यात एक दिवसाआड करावं लागेल. त्यातलं एवढं वाहून गेलं.

बेबीताई चहा न घेता उभ्याउभ्याच बोलल्या. "बळीरामभाऊ, तुम्ही इतके वर्षं गावाले पाणी पाजलं, म्हणून मी घरी आली. जयंतीपर्यंत पाहू. नाई जमलं तं ग्रामसभेत दुसरा माणूस ठरवा लागन."

मी मान हलवली. त्या गेल्यावर दोघांचा चहा मीच प्यालो. वाईट लागला.

बळीराम

ता. क. तू हसत असशील तर हरकत नाही. मिरचीपर्यंत हस.

११ मार्च २०१८

प्रिय नलू,
जय भीम.

हे पत्र उर्वशीला मोठ्याने वाचायला लावू नको. तूच वाच.

वच्छलाबाई मला हाताला धरून उपकेंद्रात घेऊन गेली. तिला वाटलं माझं बीपी वाढलं असेल. तिथे दीपमाला सिस्टर आहेत ना, वणीच्या, नवीन आलेल्या, त्यांनी बीपी पाहिलं. ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, "काका, झोपता किती?"

"झोपतो ना."

"खोटं बोलते हा," वच्छलाबाई मागून म्हणाली. सगळ्या बायांना हे एकच वाक्य येतं असं दिसतं.

सिस्टरनी तिला बाहेर बसवलं. मग मी सांगितलं, पोरी, फोन सुटत नाही. त्यांनी मला रागावलं नाही. म्हणाल्या, "झोपायच्या तासभर आधी फोन हातातून गेला पायजे, अन् उशाशी तं नाईच. डोळ्यात उजेड घुसला की डोक्याले वाटते दिवसच हाये. झोप नाई आली तं तळमळत पडून राहू नका. उठून बसा. काहीतरी कंटाळवाणं काम करा. डुलकी आली की मंगच पडा. रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच ठेवा. दुपारी ताणून द्यायचं नाई. संध्याकाळी चहा बंद."

"चहापण?"

"चहापण. हप्ता दोन हप्ते अवघड जाईन. मंग पाहा."

एवढ्यावर मी उठलो होतो. तर त्या म्हणाल्या, "फोनचं हे केव्हापासून सुरू झालं, काका?"

मी म्हटलं, झाले चार-पाच महिने. त्या म्हणाल्या, "त्याच्या आधी झोप यायची?" मी म्हटलं, दगडासारखी. "मंग तेव्हा काय झालं होतं?"

नलू, तुला कधी सांगितलं नाही, त्या परक्या पोरीला सांगून टाकलं.

संघर्ष दुसऱ्याच्या कापसात अळीच्या औषधाच्या फवारणीला गेला होता आणि डोळे चोळत, उलट्या करत घरी आला, ते तुला माहीत आहे. यवतमाळला वॉर्डात एकाच माणसाला थांबू देत होते, म्हणून मी आत आणि तू बाहेर जिन्यावर, तेही माहीत आहे. पण आतलं मी तुला कधी सांगितलं नाही. रांगेत खाटा होत्या आणि सगळ्या फवारणीवाल्यांच्याच. रात्री एक डॉक्टर आले, वय संघर्षएवढंच. म्हणाले, "याच्या श्वासाकडे लक्ष ठेवा. हळू झाला तर लगेच हाक मारा. झोपू नका."

झोपू नका म्हणाले. मी दिवसभर उभा होतो नलू, डोळे आपोआप मिटत होते. पलीकडच्या खाटेवरच्या पोराचे वडील बसल्या बसल्या झोपले, आणि त्यांना कुणीतरी हलवून उठवलं तेव्हा त्यांच्या पोराची खाट रिकामी होती. त्याला दुसरीकडे हलवलं होतं, तो नंतर बरा झाला. पण त्या माणसाचा तेवढ्या वेळचा चेहरा मी पाहिला. मग मी संघर्षचा फोन घेतला. आवाज बंद करून काहीही लावायचो. एक डोळा फोनवर, एक डोळा त्याच्या छातीवर. छाती वर आली, खाली गेली. पुढचं लावलं. छाती वर आली, खाली गेली. असं मी त्याला सकाळपर्यंत आणलं, रोज.

तो बरा झाला. घरी आला. वांग्याच्या भाजीला नावं ठेवायला लागला. माझी ड्युटी मात्र कुणी सोडवली नाही.

मी हे सांगितलं तेव्हा दीपमाला सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, मी सरकारी नर्स आहे. मी सांगतो तुम्हाले. तुमची ड्युटी संपली."

बाहेर आलो तर वच्छलाबाई माझ्याकडे पाहून घाबरली. "कायले रडून राह्यला? बीपी हाये का?" मी म्हटलं, बीपी चांगलं आहे. तिचा विश्वास बसला नाही.

तुझा,
बळीराम

२९ मार्च २०१८

प्रिय नलू,
जय भीम.

पोस्टमन दिसला की मी पाण्याचा वॉल तसाच टाकून धावायचो. बाया ओरडायच्या. तुझं काही येईना, तेव्हा मला वाटलं, मी ते पत्र लिहायलाच नको होतं. आणि काल आलं. "वाचलं. खरं आहे. पुन्हा वाचलं. जेवण करत जा." यावेळी सही होती. मी कितीतरी वेळ ती सहीच पाहिली. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी कुणाला सांगत नाही.

आता ऐक. फोन रोज दिवेलागणीला वच्छलाबाईकडे जातो.

तिनेच काढलं हे. म्हणाली, "माह्या मिरचीचं नुकसान भरून दे. पैसे नको मले. रात्री फोन माह्या घरी ठेव." बंद करून तिच्या हातात द्यायचा, ती तो वरच्या फळीवर मिरचीच्या डब्यात ठेवते. पहाटे मी जाऊन परत आणायचा, आणि तिच्या ओट्यापर्यंत आलोच आहे तर तिचा वॉल आधी सोडायचा. ही तिची अट शेवटी कळली, तोपर्यंत मी हो म्हणून बसलो होतो. फोन कानाला लावला की मला शिंका येतात. सरपंचबाई म्हणतात, बळीरामभाऊ बोलतात कमी, शिंकतात जास्त.

पहिले दिवस फार वाईट गेले. हात आपोआप उशीखाली जायचा. एका रात्री मी वच्छलाबाईच्या दारापर्यंत गेलो. कडी वाजवायच्या आधीच आतून आवाज आला, "जाय परत." ती झोपत नाही की काय, विचारलं पाहिजे.

झोप आली नाही की उठून बसायचं, कंटाळवाणं काम करायचं. मी तूर निवडायला घेतली. खडे एकीकडे, दाणे एकीकडे. आपली तूर संपली. मग शेजारून आणली. आता गल्लीतल्या बाया दिवसाच तूर आणून ठेवतात, "भाऊ, रात्री झोप नाई आली तं एवढी घ्याल." झोप आली तर त्यांचं नुकसान आहे.

मधे तूर निवडत बसलो होतो आणि पलीकडच्या खोलीतून संघर्षच्या घोरण्याचा आवाज येत होता. त्याचं घोरणं तुला माहीत आहे, दुरुस्तीला आलेल्या मोटरसारखं. मी हात थांबवून ऐकत बसलो. आत ओढला, बाहेर सोडला. चांगला भक्कम, बेफिकीर आवाज. म्हटलं, बळीराम, हे तर फोनशिवायही ऐकू येतं. पुढचं मला आठवत नाही. पहाटे जाग आली तेव्हा गालाला तुरीचे दाणे चिकटले होते आणि सूप अंगाखाली होतं.

त्यानंतर येते झोप. रोज नाही, पण येते. उठल्यावर डोकं हलकं असतं. अजून एक सांगतो. पहाटे वॉल सोडला की पाण्याच्या आधी नळातून हवा येते, तिचा एक आवाज असतो, सुस्कारा सोडल्यासारखा. एकामागून एक नळ तसे बोलत जातात. मी कित्येक महिन्यांत तो ऐकलाच नव्हता. रोजच होत होता म्हणे.

भाकरी मी दोन खातो आहे. वजन वाढलं असं बेबीताई म्हणाल्या. चहा प्यायल्या.

ये असं मी म्हणत नाही. तुला वाटेल तेव्हा ये.

तुझा,
बळीराम

१५ एप्रिल २०१८

चि. उर्वशी,
जय भीम आणि बाळाला अनेक पापे.

तुझी आई सुखरूप पोचली. तू काल रात्रीपासून फोन करते आहेस आणि आमचे दोघांचे बंद, म्हणून संघर्षला फोन करून तू त्याला घाबरवलंस. सगळं नीट सांगतो. आता मला पत्र लिहायची सवय लागली आहे, ऐकून घे.

तुम्ही दोघींनी मला न सांगता ठरवलं आणि तू तिला रात्रीच्या गाडीत बसवलंस. जयंतीला सकाळी अचानक दारात उभं राहायचं, असा बेत. बेत चांगला होता. पण गाडी पांढरकवड्याला लवकर पोचली. बाहेर अंधार, गावाकडे यायला काही नाही. तेव्हा तुझ्या आईने ठरवलं की अचानक वगैरे राहू दे, यांना बोलवून घेऊ. तिने तिच्या साध्या फोनवरून मला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. संघर्षला लावावा, तर तो रात्रभर पोरांसोबत विहारात पताका लावत होता आणि त्याचा फोन घरी. जिने मला रात्री फोन बंद ठेवायला लावला, ती हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसून बंद फोनला शिव्या देत होती. टपरीवाला म्हणाला म्हणे, "बाई, घरचा माणूस झोपला असन." तर ती म्हणाली, "झोपाचाच तं त्रास होता."

इकडे मी तिच्या स्वप्नातही नसेल इतका गाढ झोपलो होतो.

पहाटे मला जाग आली, गजराच्या आधी. जयंतीचा दिवस, सगळ्यांना लवकर पाणी पाहिजे. वच्छलाबाईकडून फोन घेतला, तो तसाच बंद खिशात टाकला, मोटर लावली, टाकी भरेपर्यंत टाकीकडेच टक लावून बसलो आणि वेळेच्या आधी वॉल सोडला. बाया आंघोळी करून, पांढऱ्या साड्या नेसून नळावर आल्या होत्या. बेबीताई स्वतः पाणी भरायचा गुंड घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बळीरामभाऊ, आज तं सूर्याच्या आधी पाणी." आणि पुढे हळूच, "ग्रामसभेत तुमचा विषय घेत नाई मी."

तेवढ्यात गावाच्या तोंडाशी गाणं वाजलं. मिरवणुकीसाठी सांगितलेला साउंडवाला पांढरकवड्याहून पिकअप घेऊन येत होता आणि पोट्ट्यांना उत्साह, वाटेतच आवाज तपासायला भीमगीत लावलं होतं. भोंगे थरथरत होते. गाडी पाराला वळसा घालून नळापाशी आली. आणि मागे, निळ्या झेंड्यांच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या भोंग्यावर, मांडीवर पिशवी घेऊन तुझी आई बसली होती.

उर्वशी, अख्ख्या गावाने पाहिलं. गाणं इतकं मोठं होतं की ती काय बोलत होती ते कुणालाच ऐकू येईना, पण चेहऱ्यावरून मला समजत होतं. पोट्ट्यांनी गाणं बंद केलं, तेव्हा तिचं वाक्य अर्धवट सर्वांना ऐकू आलं.

"...फोन कुठी हाये तुमचा?"

"खिशात."

"चालू हाये का?"

"नाई ना. तूच म्हणाली होती."

तिने भोंग्यावरूनच माझ्या खिशाकडे पाहिलं. तिची साडी धुळीने भरली होती, केस सुटले होते. मला वाटलं आता काही खरं नाही. मग वच्छलाबाई गुंड खाली ठेवून म्हणाली, "नलू, मिरचीच्या डब्यात होता वो त्याचा फोन. मी देल्लाच नाई रात्री. मले शिव्या दे." आणि तुझी आई त्या भोंग्यावरच हसायला लागली. हसता हसता तिला खाली उतरता येईना. मी हात दिला. पाणी चालूच होतं, बेबीताईंचा गुंड भरून वाहून गेला आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

दिवस फार आनंदात गेला. संघर्ष मिरवणुकीत असा नाचला की तुझी आई मला कोपर मारून म्हणाली, "याले कधी काही झालतं असं वाटते का?" मी म्हटलं, नाही वाटत. रात्री विहारासमोर सगळ्यांचं जेवण झालं, खीर झाली. मी दिवेलागणीला फोन नेऊन दिला, तर तिने तिचाही दिला. वच्छलाबाई म्हणाली, "आता मिरची ठेवाले जागा द्या मले."

घरी आल्यावर दिवा मालवला. मी पडलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मीपण नाई झोपली."

मी म्हटलं, आता झोप, लांबून आलीस.

"आता नाई. तेव्हापासून." आणि मग अंधारात तिने सांगितलं. जिन्यावर बसून ती रात्रभर आतल्या दाराकडे पाहायची. दार उघडलं की तिला वाटायचं, आपल्यालाच बोलवायला आले. घरी आल्यावर मी फोन पाहत पडलेलो असायचो आणि ती माझ्याकडे पाठ करून पडलेली असायची. मला वाटायचं झोपली. ती जागी असायची. तिला वाटायचं, मला काही नाही, मी मजेत कव्वाल्या पाहतो आहे. त्याचाच तिला राग यायचा. तुझ्याकडे औरंगाबादला बाळ रात्री उठायचं म्हणून तिला जागं राहायला निमित्त होतं, एवढंच. माझं ते पत्र आलं तेव्हा तिला कळलं, आपण दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसलो होतो.

मी उठून बसलो. म्हटलं, तूर आणू का निवडायला? ती म्हणाली, "आणा." तर आम्ही दोघं सूप मधे घेऊन बसलो. संघर्ष नाचून दमलेला, त्याचं घोरणं नेहमीपेक्षा मोठं होतं. आम्ही खडे वेचत राहिलो. थोड्या वेळाने तिचा हात सुपातच थांबला. मान माझ्या खांद्यावर आली. मी तिला हळूच आडवं केलं, पांघरूण घातलं.

आज पहाटे मी उठलो, पाणी सोडलं, परत आलो, ती झोपलेलीच. ऊन ओट्यावर चढलं, झोपलेलीच. तुझी आई, जी कोंबड्याच्या आधी अंगण झाडायची. वच्छलाबाई, बेबीताई आणि आणखी दहा-बारा जणी तिला भेटायला आल्या होत्या, नातीचे फोटो पाहायला. मी दारातच उभा राहून ओठावर बोट ठेवलं. सगळ्या चपला हातात घेऊन परत गेल्या. दीपमाला सिस्टर तेवढ्या वाकून आत डोकावल्या आणि माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली.

आता दुपार व्हायला आली आहे. संघर्ष दुकानात निघाला आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो, तो फोटो काढून लगेच तुझ्या फोनवर धाडेल. मी दारात बसून लिहितो आहे, भाकरी मीच टाकल्या, एक जळाली. आत ती कूस बदलते, आणि पुन्हा झोपते.

म्हणून इतक्यात फोन करू नकोस. आई झोपली आहे.

तुझा,
बाबा